खेळ रंगतो, पण इंग्रजी बोलतं कोण?

प्रिय ताई,

मी सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गात 40 मुलं, तास 35 मिनिटांचा. बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा वाराही नाही, म्हणून वर्षभरापूर्वी हौसेने खेळ सुरू केले. हँगमन, बिंगो, चेंडू ज्याच्याकडे जाईल त्याने क्रियापदाचा भूतकाळ सांगायचा, शब्दांच्या भेंड्या. मुलं माझ्या तासाची वाट बघतात. पण खरं सांगू? खेळ सुरू झाला की सगळी मराठीतच ओरडतात, तीच पाच-सहा हुशार मुलं जिंकतात आणि दुसऱ्या दिवशी साधा प्रश्न विचारला तर माना खाली. परवा शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, “तुमच्याकडे आज ऑफ तास होता का?” फार लागलं मला. खेळ बंद करून सरळ धडा आणि प्रश्नोत्तरं यांवर यावं का? संध्याकाळी मी काही मोठ्या माणसांनाही इंग्रजी शिकवते. त्यांच्यापुढे खेळ काढायला तर मलाच संकोच वाटतो.

– खेळून दमलेली शिक्षिका

खेळून दमलेल्या बाई,

बंद करू नका. पण आत्ता जे चाललंय तेही तसंच चालू ठेवू नका, कारण तुमची शंका रास्त आहे. मुलं रमतात आणि शिकत नाहीत, असं होतं. माझ्याच वर्गात झालं आहे.

तुमचा तो चेंडूचा खेळ मीही खेळवायचे, आणि मला तो फार आवडायचा. ‘गो’ म्हणून चेंडू फेकायचा, झेलणाऱ्याने ‘वेंट’ म्हणायचं. हशा, आरडाओरडा, सगळं कसं जिवंत. एकदा 15 मिनिटं खेळून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, “बाई, माझ्याकडे चेंडू आलाच नाही.” दुसऱ्या दिवशी मी वहीत रेघा मारत मोजलं. 36 मुलांपैकी 11 जणांनी तोंड उघडलं होतं, आणि तेही प्रत्येकी एका शब्दापुरतं. बाकीची मुलं चेंडू बघत होती. त्या खेळात भरपूर सराव झाला तो झेल घेण्याचा.

म्हणून कुठलाही खेळ वर्गात नेण्याआधी मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. इंग्रजीचा एक शब्दही न समजता हा खेळ जिंकता येईल का? आणि एकजण बोलत असताना बाकीचे काय करत असतील? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल किंवा दुसऱ्याचं ‘वाट बघत असतील’ असं असेल, तर तो खेळ चांगला असेल, पण इंग्रजीचा नाही.

आता तुमचे खेळ या चाळणीतून काढू. हँगमनमध्ये मुलं अक्षरं सुचवतात. ‘ई’, ‘ए’, ‘टी’. दहा मिनिटांत एकही वाक्य होत नाही, आणि शब्द ओळखला तरी त्याचा अर्थ माहीत असण्याची गरज नसते. तास संपायला तीन मिनिटं उरली असतील तेव्हा ठीक. भेंड्यांचंही तसंच, शेवटच्या अक्षरावरून शब्द काढताना स्पेलिंग पक्कं होतं, भाषा नाही. बिंगोत बोलतो फक्त पुकारणारा, म्हणजे बहुधा तुम्ही. बाकीचे पेन्सिलीने खुणा करतात. पण बिंगो वाचवता येतो. शब्द पुकारू नका, त्याचं वर्णन पुकारा: ‘यू यूज इट व्हेन इट रेन्स.’ मग छत्रीच्या चौकटीवर खूण करण्यासाठी आधी वाक्य समजावं लागतं. आठवडाभराने पुकारण्याचं काम मुलांकडे द्या, चार-चारच्या गटात, प्रत्येकाची पाळी येईल असं. एवढ्या बदलाने त्याच पत्त्यांतून दहापट इंग्रजी निघतं.

बोलण्याचा मी इतका आग्रह का धरते, तेही सांगते. साधा हिशेब करा. हजेरी आणि बसाबसीत पाच मिनिटं गेली की तुमच्याकडे उरतात 30. तुम्ही स्वतः एक शब्दही बोलला नाहीत आणि 40 मुलं एकामागून एक बोलली, तर एकेकाच्या वाट्याला येतात 45 सेकंद. प्रत्यक्षात आपणच निम्मा वेळ बोलतो. उलट जोड्या करून 10 मिनिटं दिलीत, तर एकाच वेळी 20 मुलं बोलत असतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. नुसतं ऐकून भागत नाही, हे कॅनडातल्या अनुभवातून पुढे आलं. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. वर्षानुवर्षं ऐकून ती फ्रेंच उत्तम समजू लागली, पण बोलताना-लिहिताना व्याकरण लंगडत राहिलं. त्यावरून मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी 1985 साली मांडलं की, स्वतः वाक्य जुळवायची वेळ आली तरच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

पण वर्गात बोलायचं कशासाठी? तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे, हे मुलांना माहीत असतं. ‘इज धिस अ पेन?’ असं पेन हातात धरून विचारलं तर कुठल्याही शहाण्या मुलाला कंटाळाच येणार. म्हणून एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही, आणि ती मिळवल्याशिवाय डाव पुढे जात नाही, अशी अडचण मुद्दाम निर्माण करायची. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये जो प्रयोग केला आणि जो पुढे बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर अभ्यासला गेला, त्याचा पायाच असं एखादं ‘काम’ हा होता. नकाशा, वेळापत्रक किंवा कोडं द्यायचं, मुलांचं डोकं ते सोडवण्यात गुंतवायचं आणि भाषा त्या ओघात येऊ द्यायची. अशा अडचणीला त्यांनी ‘दरी’ म्हटलं आणि तिचे तीन प्रकार सांगितले: माहितीची, तर्काची आणि मताची. तुमच्या वर्गासाठी पहिली पुरेशी आहे.

सगळ्यात सोपा नमुना म्हणजे दोन चित्रांतले फरक. जोडीतल्या प्रत्येकाकडे जवळपास सारखंच चित्र, सात-आठ फरक. ‘इन माय पिक्चर देअर आर थ्री बर्ड्स.’ ‘नो, टू बर्ड्स.’ मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मुलांनी दोन मिनिटांत चित्रं शेजारी-शेजारी ठेवली आणि बोटांनी फरक दाखवून मोकळी झाली. त्यांचं चुकलं नव्हतं; मी आडोसा ठेवला नव्हता. तेव्हापासून पाठीला पाठ लावून बसवते, किंवा मधे पाठ्यपुस्तक उभं करते. चित्रं तयार करायला वेळ नसेल तर धड्यातलाच उतारा घ्या. एका प्रतीत पाच जागा रिकाम्या, दुसऱ्या प्रतीत वेगळ्या पाच. एकमेकांना प्रश्न विचारून भरायच्या: ‘व्हेन डिड ही लीव्ह?’ ‘हू मेट हिम?’ अभ्यासक्रम बाजूला राहतो अशी तक्रारही उरत नाही, कारण खेळ धड्याच्याच पोटातून निघालेला असतो.

मला एकच खेळ ठेवायला सांगितला तर मी धावतं श्रुतलेखन ठेवेन. साठ-सत्तर शब्दांचा उतारा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर चिकटवायचा. जोडीतला एक उठून जातो, वाचतो, डोक्यात मावेल तेवढं घेऊन परत येतो आणि सांगतो, दुसरा लिहितो. अर्ध्यावर अदलाबदल. वाचन, बोलणं, ऐकणं, लिहिणं, चारही एका खेळात. मुलं वाटेत ओठ हलवत, वाक्य पुटपुटत येतात. ते बघण्यासारखं असतं. फक्त दोन नियम कडक हवेत: जाणाऱ्याने पेन्सिलीला हात लावायचा नाही आणि लांबून ओरडून सांगायचं नाही. पहिला नियम ढिला पडला की हुशार भिडू पेन्सिल हिसकावून स्वतःच लिहून टाकतो, आणि दुसरा बसतो बघत. नाव धावतं असलं तरी दाटीच्या वर्गात चालतच जायला लावा.

उच्चारांचाही छान खेळ होतो. भिंतीच्या एका बाजूला ‘शिप’, दुसरीकडे ‘शीप’. तुम्ही म्हणाल त्या बाजूला मुलांनी बोट करायचं, डोळे मिटून, नाहीतर सगळी हुशार मुलाचं बोट बघतात. मग म्हणायची पाळी मुलांची. तुमच्या मुलांना खरा त्रास कुठे होईल सांगू? ओठ गोल करून म्हणायचा ‘व’ आणि दात ओठावर टेकवून म्हणायचा ‘व’. द्राक्षाची वेल आणि दारू हे दोन्ही शब्द देवनागरीत लिहायला गेलं तर ‘वाइन’च होतात! कानाला फरक कळतच नाही, कारण मराठीत त्याची गरज पडत नाही. हा खेळ महिनाभर रोज दोन मिनिटं खेळा.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येते, म्हणजे खेळताना मराठी. मुलं नेमकं काय ओरडतात ते एकदा कान देऊन ऐका. ‘माझी पाळी!’ ‘ए, बघू नको!’ ‘थांब ना.’ ‘रडीचा डाव!’ ‘पुन्हा सांग.’ यातलं एकही वाक्य तुम्ही त्यांना इंग्रजीत दिलेलं नसणार. आपण खेळासाठी प्राण्यांची नावं शिकवतो, भूतकाळ शिकवतो, पण खेळण्याची भाषा शिकवायची राहून जाते. आणि त्या क्षणी मुलाला सर्वांत जास्त निकड असते ती तिचीच. ‘इट्स माय टर्न.’ ‘डोंट लुक!’ ‘वेट अ मिनिट.’ ‘दॅट्स नॉट फेअर!’ ‘से इट अगेन.’ अशी आठ-दहा वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर कायमची लावा. दर आठवड्याला दोन नवी. माझ्या वर्गात सगळ्यात आधी कुठलं रुळलं असेल? ‘दॅट्स नॉट फेअर.’ व्याकरणाच्या तासाला ज्याच्या तोंडून वाक्य निघत नसे, तो मुलगा हे बिनचूक बोलायचा, कारण त्याच्यावर खरंच अन्याय झालेला असायचा.

तरीही मराठी येणारच. मी त्यासाठी दंड, गुण कापणं असलं काही करत नाही. त्याने मुलं इंग्रजी बोलत नाहीत, नुसती गप्प होतात. मराठीत प्रश्न आला तर फक्त भिंतीकडे बोट दाखवते. आणि नियम समजावताना तुम्ही स्वतः एखादं मराठी वाक्य वापरलंत तर आकाश कोसळत नाही. पाच मिनिटं इंग्रजीतून नियम सांगण्यापेक्षा दोन मुलांना पुढे बोलावून एक फेरी खेळून दाखवणं कधीही बरं.

हुशार मुलंच जिंकतात, हे मात्र खेळाच्या आखणीवर अवलंबून असतं. बाद होण्याचे खेळ नीट बघा. ‘सायमन सेज’, म्हणजे आपला ‘शिवाजी म्हणतो’, यात पहिल्यांदा आऊट कोण होतं? ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तो, आणि मग उरलेला सगळा वेळ तोच कडेला बसतो. त्यापेक्षा कुणाला बादच करू नका. प्रत्येकाला पाच जीव द्या आणि शेवटी किती उरले ते मोजायला सांगा. दुसरा उपाय म्हणजे खेळात नशीब आणा. फाशाला हुशार-ढ कळत नाही. वाक्य बरोबर आलं की फासा टाकायचा आणि पडेल तेवढी घरं पुढे जायचं. मग ज्याने साधंच वाक्य केलं त्यालाही सहा पडू शकतात. लहानपणी आपण धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचो, आठवतं? वर्गात कुणाला कायमचं लिंबूटिंबू करायचं नाही, पण पहिले काही दिवस ती सवलत द्यायला हरकत नसावी. ज्याला बोलायची भीती वाटते त्याच्याकडे आधी गुण लिहिण्याचं काम द्या. तो ऐकतो, भाषा कानावरून जाते, आणि एके दिवशी आपणहून बोलतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धतही हेच सांगते: आधी आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद द्या, बोलणं मागून येईल. अगदी नवख्यांसाठी माझा बोलण्याचा आग्रह तेवढा सैल करा.

आणि थांबा. हे मी शिकायला फार वर्षं लावली. मेरी बड रो या संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबत असत. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली. परक्या भाषेत तर डोक्यात वाक्य बांधायलाच वेळ लागतो.

चुका? खेळ चालू असताना मधे पडू नका. वही घेऊन बाकांमधून फिरा आणि ऐकू येईल ते टिपा. शेवटी चार-पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा, ‘ही डोन्ट हॅव अ बॅग’, ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असली रोजची. मुलांनाच दुरुस्त करू द्या. मग वहीत तीन ओळी, त्याच खेळातल्या. या पाच मिनिटांशिवाय खेळ वाऱ्यावर जातो. तुम्ही म्हणता ना, दुसऱ्या दिवशी माना खाली, त्याचं निम्मं कारण इथे आहे. दुसरं निम्मं असं की, आपण रोज नवा खेळ आणतो. तोच खेळ दोन दिवसांनी नव्या शब्दांसह खेळा, पुन्हा आठवड्याने. नियम समजावण्यात वेळ जात नाही आणि जुनं आठवावं लागतं. मुलांना पुन्हा तोच डाव आवडतो, कंटाळतो आपणच.

गलक्याचं काय? थोडा होणारच. पण वीस जोड्या बोलत असल्याचा गुंजारव आणि चाळीस मुलं चेंडूमागे किंचाळत असल्याचा कल्लोळ, हे भिंतीपलीकडेही वेगळे ऐकू येतात. माझा हात वर गेला की बघणाऱ्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं, एवढी एक खूण पहिल्या आठवड्यात पाठ करून घ्या. आणि त्या सरांना एकदा धावत्या श्रुतलेखनाला बोलवा, पाहुणे म्हणून नाही, जोडीत एक मुलगा कमी पडतोय म्हणून.

मोठ्या माणसांचा तुमचा संकोच मला समजतो, पण तो ‘खेळ’ या शब्दाचा आहे. शब्दच काढू नका. ‘आता एक काम करू’ म्हणा. दोघांना बाहेर पाठवा: काल संध्याकाळी 7 ते 10 चोरी झाली, तुमच्यावर संशय आहे, तेव्हा तुम्ही दोघं एकत्र कुठे होतात ते ठरवून या. तोवर बाकीच्यांनी प्रश्न तयार करायचे. मग एकेकाला आत घेऊन उलटतपासणी. ‘व्हॉट वर यू वेअरिंग?’ ‘हू पेड?’ दोघांच्या जबाबात विसंगती सापडली की वर्ग जिंकला. भूतकाळाचा इतका चिवट सराव मी दुसऱ्या कशातच पाहिलेला नाही, आणि पन्नाशीची माणसंही त्यात वकिलासारखी पेटतात. दुसरं त्याहून साधं: एकाच विषयावर आधी चार मिनिटं, मग नव्या जोडीदाराला तेच तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचं. तिसऱ्या वेळी जीभ कशी सुटते ते त्यांनाच जाणवतं.

उद्या मात्र काहीही नवीन करू नका. नेहमीचाच एक खेळ घ्या, हजेरीची यादी हातात ठेवा आणि जो एक तरी पूर्ण इंग्रजी वाक्य बोलेल त्याच्या नावापुढे रेघ मारा. तासानंतर ज्यांच्यापुढे एकही रेघ नसेल ती नावं वेगळी लिहून काढा. परवा जोड्या लावाल तेव्हा त्या यादीपासून सुरुवात करा.

– तुमची ताई

ता. क. हँगमन मुलांना फारच प्रिय असेल तर अक्षरांऐवजी वाक्यातले शब्द ओळखायला लावा. फळ्यावर सात रिकाम्या रेघा, वाक्य कालच्या धड्यातलं.